छोटी गॅसची टाकी (निळी ५ किलो आणि लोकल ३ किलो) नीट भरून घ्यायची तर कुठे आणि कशी?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. पोहे-चहाच्या गाडीसाठी लहान टाक्यांची माहिती हवी आहे. गाडी सकाळी चार तास चालते. एक मोठा बर्नर, एक लहान. हाताशी दोन टाक्या आहेत. एक कंपनीची निळी, ५ किलोची. दुसरी बाजारातून घेतलेली ३ किलोची, जिच्या डोक्यावरच बर्नर बसतो.

१) शेगडी दुरुस्तीच्या काही दुकानांत किलोच्या भावाने गॅस भरून देतात. ३ किलोची टाकी तिथे भरावी का? टाकी ‘फुल’ झाली हे त्यांना कळतं कसं?

२) निळी टाकी दिली की बदल्यात दुसरी भरलेली मिळते. ती घेताना काय काय तपासायचं?

३) अमेरिकेत ग्रिलची टाकी दुकानात गिऱ्हाइकासमोर भरून देतात असं भाऊ सांगतो. मग आपल्याकडे तशी सोय का नाही?

४) टाकीत गॅस शिल्लक असतानाही आच मंदावते आणि टाकीला बाहेरून पाणी सुटतं. हे कशामुळे?

कृपया तपशिलात सांगा, ‘काळजी घ्या’ एवढ्यावर सोडू नका.

---

वजनकाटा

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तो जिवाशी आहे. दुकानात भरू नका. परवाना असलेल्या प्लांटबाहेर एका सिलिंडरमधून दुसऱ्यात एलपीजी उतरवायला बंदी आहे. हे परवाने देणारी यंत्रणा म्हणजे पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्र सरकारी संस्था), आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. बंदीमागचं कारण एकदा कळलं की तुम्ही स्वतःहूनच त्या दुकानाच्या वाटेला जाणार नाही.

गॅसची टाकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. घरची लाल टाकी घ्या. तिच्यात पाणी मावतं ३३.३ लिटर, पण गॅस भरतात १४.२ किलो. द्रवरूपातला एक लिटर एलपीजी साधारण ५४० ग्रॅम भरतो, म्हणजे हा द्रव झाला २६ लिटरच्या आसपास. पाचातला एक भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. तुमच्या ५ किलोच्या टाकीतही १२ लिटरच्या आसपास जागा असते आणि द्रव नऊ-सव्वानऊ लिटर. ही मोकळी जागा फुगवट्यासाठी आहे. एलपीजी १५ अंशांवरून ५० अंशांवर गेला की ढोबळमानाने दहा टक्के फुगतो. पाण्याच्या मानाने हे फार आहे. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर टाकीच्या पत्र्याला ५० अंश गाठायला फारसा वेळ लागत नाही. वर जागा असेल तर द्रव तिच्यात फुगतो आणि दाब हळूहळू वाढतो. जागा संपली की द्रव दाबला जात नाही, पुढच्या एकेका अंशाला दाब उड्या मारत चढतो आणि शेवटी पत्रा किंवा व्हॉल्व्ह हार मानतो. म्हणून ‘फुल’चं माप एकच, ते म्हणजे वजन.

आता दुकानात काय होतं ते बघा. मोठी टाकी उलटी टांगतात, पितळी जोडणीने लहान टाकीला लावतात आणि द्रव खाली उतरू देतात. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की धार थांबते. पण त्या क्षणी लहान टाकीत किती द्रव गेला हे तापमानावर, उंचीवर आणि वरच्या टाकीत किती उरलंय त्यावर ठरतं. टाकी हलवून ‘झाली फुल’ म्हणणं हा निव्वळ अंदाज. काटा ठेवला तरी उपयोग नाही, कारण लोकल टाकीवर रिकामं वजन खात्रीचं कोरलेलं नसतं. वजा काय करणार?

शिवाय प्रत्येक वेळी जोडणी लावता-काढताना थोडा गॅस सुटतोच. तो हवेपेक्षा दीड-दोन पट जड, त्यामुळे वर जात नाही, फरशीवर पसरतो, पायरीखाली, मोरीत, तळघरात जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण २ ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगी पुरते. आणि त्याच दुकानात त्याच वेळी दुरुस्त केलेली शेगडी पेटवून बघत असतात. अशा दुकानांत स्फोट का होतात याला वेगळं कोडं नाही.

तुमच्या त्या ३ किलोच्या टाकीबद्दलही स्पष्ट बोलतो. ती दुसरीकडे नीट भरून मिळेल का हा प्रश्नच उरत नाही, कारण कुठलाही अधिकृत प्लांट ती घेणार नाही. कारणं अशी:

- बहुतेक टाक्यांवर आयएस ३१९६ चं, म्हणजे गॅसच्या टाक्यांच्या भारतीय मानकाचं, चिन्ह नसतं. पत्रा किती जाड, वेल्डिंग कसं, दाबाची चाचणी झाली की नाही, कशाचाच पत्ता नाही. कंपनीच्या टाकीची २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने पाण्याची चाचणी झालेली असते.
- व्हॉल्व्ह हाताने पिळायचा असतो आणि आतलं पॅकिंग रबराचं. ते झिजलं की दांड्याच्या बाजूने गॅस झिरपतो. चिमटीने जोर लावून बंद करायची सवय लागली की समजा पॅकिंग गेलं.
- मध्ये रेग्युलेटर नाही. टाकीतला दाब उन्हाळ्यात ५-६ बारच्या घरात असतो, घरगुती रेग्युलेटर तो ०.०३ बारच्या आसपास आणून सोडतो. तुमच्या टाकीत मात्र बर्नरच्या बारीक छिद्रापर्यंत पूर्ण दाब पोचतो.
- बर्नर थेट टाकीच्या डोक्यावर. वर पोह्यांची रुंद कढई ठेवली की तिच्या बुडावरून परतणारी धग खाली टाकीवर येते. हात लावून बघा, व्हॉल्व्हजवळचा पत्रा चांगलाच तापलेला लागेल. आणि नेमक्या याच टाकीत वर मोकळी जागा किती आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

निळी टाकी ठेवा, ही काढून टाका. बदल्याचं गोदामकर नीट सांगतील, त्यांचा रोजचा विषय आहे.

---

गोदामकर

वजनकाटा यांनी म्हटलेलं सगळं बरोबर. निळ्या टाकीचं सांगतो.

आपल्याकडे ‘भरून आणणे’ म्हणजे ‘बदलून आणणे’. तुमची टाकी परत तुम्हाला मिळत नाही आणि मिळायची गरजही नाही. २०१३ पासून तेल कंपन्यांनी ही ५ किलोची मोकळ्या विक्रीची टाकी आणली. इंडेनची ‘छोटू’, हे नाव डिसेंबर २०२० पासूनचं. एचपीची ‘अप्पू’, भारतगॅसची ‘मिनी’. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर, काही किराणा दुकानांत मिळते. पहिल्यांदा टाकी आणि गॅस दोन्हीचे पैसे, पुढे फक्त गॅसचे. पहिलं बिल जपून ठेवा, टाकी कायमची परत करताना तेच विचारतात. आणि ज्या कंपनीची टाकी त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे बदलते, मग गाव कुठलंही असो.

दर किलोमागे घरगुतीपेक्षा जास्त पडतो, कारण तो व्यावसायिक हिशेबाचा असतो. पण म्हणूनच ही टाकी गाडीवर वापरता येते. घरची लाल टाकी गाडीवर लावली तर जप्त होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

आता काउंटरवर काय बघायचं. घाई करू नका, सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

सील. व्हॉल्व्हवर पांढरं झाकण दोरीने बांधलेलं असतं आणि त्यावर आकसून बसलेलं प्लॅस्टिकचं सील. सील बोटाने फिरवून बघा. सैल फिरत असेल, कडेने फाटून परत चिकटवल्यासारखं दिसत असेल तर ती टाकी नको. सील तिथेच, तुमच्यासमोर फुटलं पाहिजे.

तारीख. वरच्या कड्याला खाली जोडणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. अक्षर म्हणजे तिमाही. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २८’ असेल तर सप्टेंबर २०२८ पर्यंत ती टाकी चाचणीला जायला हवी. गॅसची मुदत संपण्याशी याचा संबंध नाही, गॅस शिळा होत नाही. ही तारीख टाकीच्या दाबचाचणीची आहे. उलटून गेलेली असेल तर दुसरी मागा, द्यावीच लागते.

वजन. दुसऱ्या पट्टीवर रिकामं वजन किलोत कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं. समजा ७.९ लिहिलंय, तर भरलेली टाकी १२.९ भरली पाहिजे. विक्रेत्याकडे काटा असतो, ‘वजन करून द्या’ म्हटलं की करून द्यायचं असतं. काटा आधी शून्यावर आहे ना ते बघा, आणि टाकी त्यावर पूर्ण बसली आहे ना, भिंतीला टेकलेली नाही ना, हेही. मोठ्या टाकीत १४.२ किलोला १५० ग्रॅम इकडेतिकडे मान्य आहेत. पाच किलोत दोनशे-तीनशे ग्रॅम कमी भरत असतील तर वाटेत कुणीतरी काढलेत. वारंवार काटा मारला जात असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात तक्रार करा, बिलावर तारीख आणि वजन लिहून. रोजचा धंदा असेल तर हुकाचा डिजिटल काटा स्वतःजवळ ठेवा. २० किलोपर्यंतचा पुरतो आणि त्याचे पैसे लवकर सुटतात.

व्हॉल्व्ह. हे सर्वात महत्त्वाचं आणि हेच लोक वगळतात. झाकण काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाच्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका. तोंडाशी एक काळं रबरी कडं दिसेल, तो वायसर, म्हणजे ओ-रिंग. मधोमध खाली पिन. पाणी स्थिर राहिलं तर ठीक. पिनेच्या भोवतीने एक-एक बुडबुडा वर यायला लागला तर पिन नीट बसत नाही, ती टाकी झाकण लावून तिथेच परत द्या. पाण्यात काही दिसलं नाही पण रेग्युलेटर लावल्यावर त्याच्या बुडाशी फेस आला तर वायसर कापलेला किंवा गायब आहे. पिनेची गळती झाकणाने तात्पुरती थांबते म्हणून ते झाकण कधीही फेकू नका, टाकी वापरात असेल तेव्हा ते दोरीलाच लटकत असलं पाहिजे. वायसर स्वतः सुईने उकरून बदलू नका, एजन्सीचा मेकॅनिक बदलतो.

पत्रा. बुडाची कडी वाकडी नको, टाकी डुगडुगता कामा नये. वेल्डच्या रेषेवर गंज किंवा खोल पोचा असेल तर नको.

रेग्युलेटर टाकीबरोबर त्याच विक्रेत्याकडून घ्या. नळी आयएस ९५७३ ची, केशरी, आत तारेची जाळी असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नको. नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी बदलायची. गाडीवर ऊन-तेल-उंदीर सगळंच असतं, तिथे दोन-तीन वर्षांत बदललेली बरी. हे माझं मत, नियम पाच वर्षांचा आहे.

---

एडिसनकर

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. इथे न्यू जर्सीत ग्रिलची टाकी समोर भरून देतात हे खरं, पण ती टाकीच वेगळ्या बांधणीची असते. भावाकडून नुसती ‘समोर भरतात’ एवढीच गोष्ट ऐकली तर ते दुकानातल्या उलट्या टाकीसारखंच वाटेल. तसं नाही.

इथली नेहमीची टाकी २० पाउंडांची, म्हणजे ९ किलो गॅसची. कॉलरवर तीन गोष्टी ठोकलेल्या असतात: रिकामं वजन, साधारण १७ पाउंड, पाणी किती पाउंड मावतं ते, ४७.६, आणि बनल्याचा महिना-वर्ष. पाण्याच्या वजनाच्या ४२ टक्के प्रोपेन भरायचा, म्हणजे २० पाउंड. हिशेब तुमच्याकडच्यासारखाच, वजनाचा. भरलेली टाकी ३७ पाउंडांच्या आसपास भरते.

भरताना तीन राखणदार असतात. पहिला काटा किंवा मीटर. एक गॅलन प्रोपेन ४.२ पाउंड, तेव्हा पूर्ण रिकाम्या टाकीत ४.७ गॅलनच्या वर जाता कामा नये. दुसरा म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूचा छोटा स्क्रू. त्याच्या आत एक बारीक नळी बरोबर ८० टक्के पातळीपर्यंत उतरलेली असते. भरणारा माणूस तो स्क्रू चपट्या स्क्रूड्रायव्हरने थोडा सैल करतो. सुरुवातीला नुसती हवेसारखी फुसफुस ऐकू येते. द्रव त्या पातळीला पोचला की एकदम पांढरी वाफ उडते आणि तो भरणं थांबवतो. तिसरा म्हणजे आतला तरंगता गोळा, तोच ओपीडी, म्हणजे टाकी जास्त भरू न देणारी सोय. तो ८० टक्क्यांना वाट बंद करतो. ४ ते ४० पाउंडांच्या टाक्यांना तो एप्रिल २००२ पासून सक्तीचा आहे, आणि ज्या व्हॉल्व्हचं चाक तीन कोनी असतं त्यात तो असतो हे लांबूनही ओळखता येतं. गोल चाकाची जुनी टाकी घेऊन गेलात तर भरून देत नाहीत.

इथेही चुका होतात. काही ठिकाणी भरणारा स्क्रू उघडतच नाही आणि गोळ्यावर विसंबतो. गोळा अडकलेला असेल तर टाकी जास्त भरते. तशी टाकी उन्हात ठेवली की रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेतून, गॅस सुटायला लागतो. म्हणून भावाला सांगा, घरी आल्यावर बाथरूमच्या काट्यावर एकदा ठेवून बघ. ३८-३९ पाउंड दिसले तर ग्रिल लावू नको, सावलीत मोकळ्यावर ठेव आणि दुकानाला कळव.

दुसरं, मुदत. बनल्यापासून १२ वर्षं झाली की तपासणी केल्याशिवाय भरत नाहीत. बाहेरून तपासून ‘ई’ अक्षराचा शिक्का मारला की आणखी ५ वर्षं चालते. नवी कोरी टाकी असेल तर पहिल्यांदा भरण्याआधी आतली हवा काढून टाकायला सांगावं लागतं. हवा राहिली की आत दाब उगाच जास्त राहतो आणि ज्योत फडफडत जळते.

बदलीची सोयही आहे. पण बदलीच्या टाकीत २० ऐवजी साधारण १५ पाउंडच असतात, आणि तुमच्या टाकीत उरलेला गॅस गेला तो गेला. भरून घेणं स्वस्त पडतं ते यामुळे. जिथे गॅलनवर पैसे घेतात तिथे जा, ‘एक टाकी इतके’ असा ठोक भाव असेल तर अर्धी टाकी नेण्यात नुकसान आहे.

तुमच्या इथल्या टाकीला तो स्क्रूही नसतो आणि गोळाही नसतो. म्हणून ती प्लांटमध्येच, एकेका टाकीचं रिकामं वजन वाचून भरावी लागते.

---

कोथरूडकर

मनापासून आभार. वजा करण्याचा हिशेब आता पक्का समजला. चौथा प्रश्न राहिलाय, पाणी सुटण्याचा. त्यात आणखी एक: अशा वेळी टाकी आडवी करतात किंवा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात, ते चालतं का?

---

वजनकाटा

दोन्ही नको. का ते सांगतो.

टाकीत गॅस द्रव असतो आणि जळायला वाफ लागते. तो आत सतत उकळत असतो. उकळायला उष्णता हवी, किलोमागे साधारण ३७० किलोज्यूल, आणि ती येते टाकीच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून. तुम्ही गॅस जितक्या वेगाने ओढाल तितकी टाकी थंड पडते. हवा दमट असेल तर पत्र्यावर दव धरतं. हेच तुमचं ‘पाणी’. दवाची वरची कड नीट बघा. जिथून खाली पत्रा ओला, तिथपर्यंत आत द्रव आहे. पातळी कळायला याहून सोपं काही नाही. दव नसेल तर ओल्या फडक्याने टाकी वरून खालपर्यंत एकदा पुसा आणि मिनिटभर थांबा. वरचा भाग आधी सुकतो, द्रव असलेला खालचा भाग ओलाच राहतो.

टाकी जशी रिकामी होते तसा द्रवाला लागून असलेला पत्रा कमी होतो, म्हणजे उष्णता यायची वाटही कमी. त्यात आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. आधी प्रोपेन जास्त निघून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. म्हणून शेवटचा अर्धा-पाऊण किलो गॅस, विशेषतः डिसेंबरच्या सकाळी, सुस्त होतो. टाकी खराब नाही, गॅसमध्ये पाणीही मिसळलेलं नाही. ही अफवा फार पसरलेली आहे.

आडवी किंवा उलटी केली की वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाची अडीचशे लिटर वाफ होते. वाफेसाठी केलेल्या छिद्रातून द्रव गेला की ज्योत एकदम हातभर उंच उठते, आणि रेग्युलेटरच्या आतला पडदाही बिघडतो. गरम पाण्यात ठेवली की दाब किती वाढला हे कळायला काहीच साधन नसतं. ज्यांना त्याची सवय लागते ते पुढे टाकीखाली शेगडीची धग देतात, त्याचा शेवट काय होतो ते लिहायला नको.

उपाय ओढ कमी करण्याचा आहे. घरगुती मोठा बर्नर तासाला १५० ते २०० ग्रॅम गॅस खातो. तेवढा ५ किलोची टाकी शेवटपर्यंत आरामात देते. भट्टीचा बर्नर तासाला अर्धा किलो किंवा वर जातो. तो भरलेल्या लहान टाकीलाही जड, अर्ध्या टाकीला तर झेपतच नाही. भट्टीच हवी असेल तर धंद्याच्या नावाने १९ किलोची जोडणी घ्या.

---

सांदणवाट

विषय निघालाच आहे तर ट्रेकवाल्यांसाठी एक भर घालतो. सव्वादोनशे-साडेचारशे ग्रॅमचे जे ब्युटेनचे कॅनिस्टर मिळतात, ते घरच्या टाकीतून ॲडॉप्टर लावून भरायचे व्हिडिओ फिरतायत. भरू नका. ब्युटेनचा दाब ४० अंशांना पावणेतीन बारच्या आसपास असतो, शुद्ध प्रोपेनचा पावणेतेरा. आपला एलपीजी या दोघांच्या मधला. नुसत्या ब्युटेनसाठी बनवलेल्या पातळ डब्यात तो भरणं म्हणजे डब्याला कधी न सांगितलेलं ओझं देणं. वर एकदाच वापरायच्या डब्याचा व्हॉल्व्ह पुन्हापुन्हा दाबला की नीट बसत नाही, आणि सॅकमध्ये कपड्यांच्या घडीत तो रात्रभर झिरपत राहतो. रिकामा झालेला डबा खाली घेऊन या, गडावर फेकू नका, आगीत तर मुळीच नको.

आणि कुठलीही भरलेली टाकी किंवा कॅनिस्टर लोकलने, एक्स्प्रेसने नेता येत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १६४ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

---

कोथरूडकर

शेवटचे दोन. जुनी ३ किलोची टाकी भंगारात द्यायची तर कशी? आणि गाडीसाठी निळ्या किती टाक्या ठेवू?

---

गोदामकर

आधी हिशेब. मोठा बर्नर तासाला २०० ग्रॅम, लहान १०० धरा. चार तासांचे सव्वा किलो. ५ किलोची टाकी चार दिवस जाते. दोन टाक्या पुरतात, एक लावलेली, एक भरलेली. राखीव टाकी गाडीच्या बंद कप्प्यात ठेवू नका, गळली तर गॅस तिथेच साठतो. उभी, सावलीत, तळाला हवा खेळेल अशी ठेवा, आणि शेगडीपासून नळीच्या लांबीइतकी तरी दूर. शेगडी टाकीपेक्षा वरच्या पातळीला असली पाहिजे, एवढं गाडी बनवतानाच बघून घ्या.

रिकामी म्हणून बदलायला नेण्याआधी टाकीचं वजन करा. कोरलेल्या रिकाम्या वजनापेक्षा अर्धा किलो जास्त भरली तर तेवढा गॅस तुम्ही फुकट परत देताय. दुपारी ऊन आल्यावर घरी लहान बर्नरवर ती टाकी लावा, सकाळी मेलेली टाकी तेव्हा तासभर सहज चालते. नेताना रिक्षात उभी, झाकण लावून, दोन्ही बाजू उघड्या.

जुन्या टाकीचं असं. मोकळ्या अंगणात तिच्याच बर्नरवर पाणी तापवत ठेवा, ज्योत आपोआप विझेपर्यंत. मग गार होऊ द्या. आसपास विडी, चूल, वायरचं उघडं बटण काही नाही ना ते बघून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दिवसभर वाऱ्यावर ठेवा, खड्ड्यात किंवा गटाराजवळ नाही. ज्योत विझली म्हणजे टाकी रिकामी झाली असं नव्हे, आत वाफ उरतेच. भंगारवाल्याला देताना ‘ही गॅसची टाकी आहे’ असं स्पष्ट सांगा, आणि कापायची असेल तर आधी व्हॉल्व्ह काढून तोंडापर्यंत पाण्याने भरून मगच कापायला सांगा. तसं करायला तो तयार नसेल तर त्याला देऊ नका. व्हॉल्व्ह काढलेली, पाण्याने भरलेली टाकी तुमच्यासमोर कापली गेली की काम झालं, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गाडीवर जाणार नाही.

नवी निळी टाकी लावल्यावर पहिल्या दिवशी तीन ठिकाणी साबणाचा फेस लावून बघा: रेग्युलेटरचं बूड, नळीची दोन्ही टोकं, शेगडीची चावी. कुठेही बुडबुडा दिसला तर रेग्युलेटर बंद, टाकीवर झाकण, टाकी उघड्यावर, आणि गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, १९०६ ला फोन. तो नंबर गाडीच्या पत्र्यावर आतल्या बाजूला रंगवूनच घ्या.